आठ तांदूळ, एक धान

नियम वाचलेला माणूस आणि नियम न वाचलेला माणूस यांचं भांडण लागलं, तर मी कायम पहिल्याच्या बाजूचा. हे आधीच सांगून ठेवतो. कारण मी, सेवकराम, बेहडाबांध नगरपालिकेचा सचिव, सगळी नियमावली झोपेत विचारली तरी म्हणून दाखवणारा माणूस, एका भर सभेत तोंड मिटून बसलो होतो. त्याची मला लाज वाटत नाही. आठवण झाली की अजून हसू फुटतं, आणि बायको विचारते, डोकं फिरलं का तुमचं?

बेहडाबांध गोंदियाहून रेल्वेनं तासाभरावर. गाव म्हणावं तर पाच राइस मिल होत्या, शहर म्हणावं तर डॉक्टर एकच, तोही मंगळवारी यायचा. तरी आम्हाला नगरपालिका होती आणि तिच्यात नऊ सदस्य होते. नवांतले सात जण धानावर जगणारे: कोणी मिलवाला, कोणी दलाल, कोणी अडत्या. आठवा उदाराम, स्वतः नांगर धरणारा शेतकरी. नववी धुरपताबाई. बायकांची एक जागा बाकीच्यांनी ठरवून भरायची असे. बाई विधवा, गरीब, सही करण्यापुरतं लिहिणारी, म्हणजे सभेत मुकाट बसेल, असा अंदाज करून तिला घेतलं होतं. इतका साफ चुकलेला अंदाज मी पाहिलेला नाही.

धुरपताबाईचं माहेर पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधणाऱ्यांचं. पाणी कुठून कुठं जाईल हे ती जमिनीकडे बघून सांगायची. आणि राहायची मात्र अशा ठिकाणी, जिथं पाणीच नव्हतं. रुळापलीकडच्या टोलीत साठ घरं होती आणि विहीर एक, तीही पौष संपला की तळाला जायची. मग बायका हंडे घेऊन रूळ ओलांडून गावातल्या नळावर यायच्या. रूळ नुसता ओलांडायचा असता तर काही नव्हतं. पण दरेकशाचा चढ चढण्याआधी मालगाड्या आमच्या स्टेशनात उभ्या राहायच्या, मागून रेटा द्यायला दुसरं इंजिन येईपर्यंत. कधी अर्धा तास, कधी दोन. एवढा वेळ कोण थांबणार? बायका डब्यांखालून वाकून जायच्या आणि भरला हंडा घेऊन तशाच वाकून परत यायच्या. दोन वर्षांपूर्वी अशीच गाडी अचानक हलली आणि वच्छला नावाच्या बाईचं पाऊल गेलं. आता धुरपताबाईची सून रुख्मा सातव्या महिन्यात होती, आणि तीही रोज डब्यांखालून जात होती.

नगरपालिकेच्या गोदामात पाइप पडून होते. एकाच ओळीपुरते. ते टोलीत नेले की मिल गल्ली कोरडी, मिल गल्लीत नेले की टोली कोरडी. मिलवाल्यांना उसना, म्हणजे उकडा तांदूळ करायला पाणी हवं होतं. आता सांगा, नवांपैकी सात धानवाले असताना पाइप कुठं गेले असते?

पण सरळ नाही म्हणणं आमच्या सदस्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यासाठी समित्या होत्या. धुरपताबाईचा नळ आधी जल समितीकडे गेला. जल समितीनं तो बांधकाम समितीकडे धाडला, कारण नळाला ओटा लागतो. बांधकाम समितीनं आरोग्य समितीकडे धाडला, कारण ओट्यावर चिखल होतो. आरोग्य समितीनं परत जल समितीकडे धाडला, कारण चिखल पाण्यानं होतो. तिन्ही समित्यांत माणसं तीच, भैयालाल, दुलीचंद आणि आमचे अध्यक्ष, मिलवाले गोपीचंद शेठ. समिती बदलली की ते खुर्च्या तेवढ्या बदलायचे. भैयालाल जल समितीचा अध्यक्ष म्हणून बांधकाम समितीच्या सदस्य भैयालालला पत्र लिहायचा आणि आठ दिवसांनी "आपलं पत्र मिळालं" असं उत्तर द्यायचा. ती पत्रं मी जावक-आवकला चढवायचो. दात खाऊन चढवायचो, पण चढवायचो.

असं दीड वर्ष गेलं. पंचावन्न सालच्या मार्चअखेर सभागृहाची मुदत संपत होती. त्याच्या आत ठराव झाला नाही तर नळाचा कागद बासनात, आणि नव्या सभागृहात पुन्हा श्रीगणेशा. धुरपताबाई मग रोज दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसू लागली.

"बाबू, आज कोणता नियम सांगता?"

मला हा प्रश्न विचारणारी जगात दुसरी व्यक्ती नव्हती. मी खुलायचो. मी तिला सांगितलं की समित्यांना वगळून ठराव थेट सभेत आणता येतो, त्याला फक्त मांडणारा लागतो आणि दुजोरा देणारा लागतो. समसमान मतं पडली तर अध्यक्षाला एक जास्तीचं मत असतं. सभा लोकांना उघडी असते, दारंखिडक्या लावता येत नाहीत. आणि एकदा लागलेला निकाल सहा महिने बदलता येत नाही.

"मत कसं देतात जी? हात वर करून?"

"हात वर करून. पण तीन सदस्यांनी मागणी केली तर गुप्त."

"ते मागणी करतीनच," ती म्हणाली.

"कशावरून?"

"मंडईत सातही जणं दंडारीच्या पाटावर चढून बोलून गेले ना, टोलीले नळ देऊन राहिलो म्हणून. साऱ्या टोलीनं ऐकलं. आता हात खाली ठेवाची सोय नाई. मंग लपूनच नाई म्हणतीन."

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्या जत्रेत, दंडारीचा खेळ सुरू होण्याआधी, सातही जणांनी पाटावर उभं राहून छातीवर हात ठेवले होते हे खरं. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

"गुप्त म्हणजे चिठ्ठी टाकाची, असं लिहिलं आहे का नियमात?" तिनं विचारलं.

मी नियम काढला. 'गुप्त पद्धतीने' एवढंच होतं. चिठ्ठीचा शब्द नव्हता.

"बरं," ती म्हणाली आणि उठून गेली. मी तिच्या पाठीकडे पाहत राहिलो आणि मग माझ्या जावक-आवककडे वळलो. मला वाटलं, बाईला नियमांची गोडी लागली. किती भोळा होतो मी!

सभा फेब्रुवारीच्या शेवटच्या शनिवारी भरली. नऊच्या नऊ हजर. खिडक्यांत टोलीतल्या बायका, दारात बायका, व्हरांड्यात बायका. वच्छला कुबडी टेकून पहिल्या खिडकीत उभी होती आणि तिच्या शेजारी रुख्मा, पोटावर हात ठेवून. गोपीचंद शेठ अध्यक्षाच्या खुर्चीत बसले, खिडक्यांकडे पाहून त्यांनी हात जोडले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाले, "इनको किसने बुलाया?"

"सभा उघडी असते, शेठजी. नियम नऊ."

धुरपताबाईनं ठराव मांडला: गोदामातले पाइप टोलीत नेऊन तिथं नळ बसवावा. उदारामनं दुजोरा दिला. लगेच भैयालाल उठला. त्याचा बिडीचा कारखानाही होता आणि धानाची अडतही, त्यामुळे तो दोन माणसांइतकं बोलायचा. त्यानं दुरुस्ती सुचवली: ठरावातला 'टोली' हा शब्द काढून तिथं 'मिल गल्ली' घालावा, बाकी ठराव जसाच्या तसा मंजूर.

"अशी दुरुस्ती चालत नाही," मी म्हणालो. "ठरावाचा जीवच काढला तर ती दुरुस्ती नव्हे. नियम अठरा."

खिडकीतून कोणीतरी फिस्सकन हसलं. भैयालाल खाली बसला. मग दुलीचंद उठला. दुलीचंद म्हणजे आमचा उपाध्यक्ष, धानाचा दलाल. डोळे मिटून मूठभर धान घेतला तर कोणाच्या शेतातल्या कोणत्या बांधीतला ते सांगेल अशी त्याची ख्याती होती, आणि ती बव्हंशी त्यानंच पसरवली होती.

"हम तो चाहते हैं कि मतदान गुप्त हो," तो म्हणाला. "किसी पर दबाव नहीं होना चाहिए."

भैयालालनं हात वर केला, पाठोपाठ आणखी एकानं. तिघं झाले. मी धुरपताबाईकडे पाहिलं. ती पदराला गाठ मारत होती की सोडत होती, कळेना.

मी चिठ्ठ्या कापायला कात्री घेतली तसा गलका झाला. चिठ्ठ्या नकोत! कारण मागच्या खेपेला उपाध्यक्ष निवडताना मी चिठ्ठ्याच वापरल्या होत्या. आमचं गाव एवढंसं. कोणाची फुली वाकडी, कोण फुलीला शेपूट काढतो, कोण कागदाला हळद लावतो, सगळं सगळ्यांना ठाऊक. मोजणी संपायच्या आत कोणी कोणाला मत दिलं ते शेंबडं पोरही सांगू लागलं होतं आणि दोन महिने चौघांची बोलाचाली बंद होती.

"बीडी डालो," भैयालाल म्हणाला. "बीडी मतलब हाँ, काडी मतलब ना."

"तू पिऊन टाकशील," उदाराम म्हणाला.

तेव्हा धुरपताबाई उठली.

"माझ्या माहेरी जी, तलावाचं पाणी कवा सोडाचं ते लोट्यात ठरवत. साऱ्याइले एकेक धानाचा दाणा न् एकेक तांदळाचा दाणा. तांदूळ टाकला त हाव. धान टाकला त नाई. धान म्हणजे अजून कांडाचं आहे, गोष्ट तयार नाई झाली. दाण्यावर कोणाचं नाव नसते न् अक्षरही नसते."

साती धानवाले एकमेकांकडे पाहून खुलले. दाण्यावर नाव नाही! वा! गोपीचंद शेठ तर म्हणाले, "क्या बात है, बहनजी." मला विचारण्यात आलं, नियमात बसतं का. मी म्हणालो, बसतं, पण लोट्यातून नऊ दाणे निघाले पाहिजेत. एकही कमी निघाला तर मतदान रद्द आणि मग सगळ्यांनी उघड हात वर करायचे. नियम सत्तावीस. ते सगळ्यांनी मान्य केलं. आनंदानं मान्य केलं.

शिपायानं पितळी लोटा आणला. मी तो कपाटामागच्या स्टुलावर ठेवला आणि वर लाल फडकं घातलं. धुरपताबाईनं पदराची गाठ सोडून एक पुरचुंडी काढली.

"यंदाचा चिन्नोर धान आहे जी. माहेरून आला. भाऊ म्हणते चांगला वाळला, मले त ओलाच वाटते. तुमी सारे जाणकार, तुमाले कळन."

हे ती अगदी सहज बोलली. मी ताटलीत नऊ धान आणि नऊ तांदूळ मोजून घेतले आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकेक जोडी ठेवत गेलो. मला वाटलं, आता दहा मिनिटांत काम आटोपेल.

पण धुरपताबाई हात जोडून म्हणाली, "अध्यक्षजी, मत टाकाच्या आंधी तुमी जरा समजावून सांगा. बायाइले कायी समजत नाई. नळाचं चांगलं काय, वाईट काय."

गोपीचंद शेठना बोला म्हणणं म्हणजे बैलाला उतारावर सोडणं. ते उठले. डाव्या मुठीत दाणे, उजवा हात हवेत. नळ ही काय चीज आहे, पाणी ही काय चीज आहे, त्यांचे आजोबा बैलगाडीतून कसे आले, तेव्हा इथं फक्त जंगल कसं होतं. "दिल कहता है टोली को दो," ते म्हणाले, "मगर दिमाग पूछता है, भई, जल्दी क्या है?"

आणि तेवढ्यात मला आवाज आला. कट्.

अगदी बारीक आवाज. मी वळून पाहिलं. दुलीचंदच्या दाढेखाली काहीतरी होतं. त्यानं डोळे मिटले, जबडा हलवला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "सूखा है."

"काहे का सूखा?" शेजारून भैयालाल कुजबुजला. "बीच में नमी है." आणि त्यानं आपला दाणा दातांत धरला. कट्.

समोरच्या बाकावर एकानं दाणा तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडला, फुंकर मारली, टरफल उडालं, आतलं जिभेवर ठेवलं. त्याच्या शेजारच्यानं तेच केलं. कट्. कट्. हे लोक मतं खात होते!

त्यांचा दोष तरी काय म्हणावा? ज्या माणसानं वीस वर्षं रोज शंभर वेळा धानाचा दाणा हातात घेतला आणि प्रत्येक वेळी तो दाताखाली घालून पाहिला, त्याच्या हातावर नवा चिन्नोर ठेवायचा, वर तो ओला की वाळलेला असा वाद लावून द्यायचा, आणि म्हणायचं, आता अर्धा तास नुसता धरून बस! हे कोणत्याही धानवाल्याकडून होणं नव्हतं. उदाराम तेवढा मूठ गच्च आवळून बसला होता. शेतकऱ्याच्या लेखी तो दाणा बियाणं होता, आणि बियाणं कोणी चघळत नाही.

मी झटकन धुरपताबाईकडे पाहिलं. ती अध्यक्षांकडे अगदी भाविकपणे बघत होती, कीर्तन ऐकावं तशी. पण पदराखाली तिची बोटं हलत होती. एक बोट मिटलं. मग दुसरं. मग तिसरं.

आता माझं कर्तव्य काय होतं? सचिवाला दोनच वेळा बोलता येतं: विचारलं तर, किंवा नियम मोडला तर. मी मनातल्या मनात सबंध नियमावली धावत गेलो. सदस्यानं मत खाऊ नये असा नियम नव्हता. खरंच नव्हता. आणि मला कोणी काही विचारलंही नव्हतं. खिडकीत रुख्मा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत उभी होती. माझ्या पोटात हसू असं काही उसळलं की मी ते खोकला म्हणून बाहेर काढलं आणि तोंड मिटलं. अकरा वर्षांच्या नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

गोपीचंद शेठ आजोबांवरून वडिलांवर आले होते. बोलता बोलता त्यांची डावी मूठ उघडली, अंगठा आपोआप फिरू लागला, आणि "हमारे पिताजी कहते थे" आणि "कि पानी" यांच्या मध्ये त्यांनी काहीतरी तोंडात टाकलं. धुरपताबाईचं सातवं बोट मिटलं.

"समजलं जी," ती म्हणाली. "आता सारं समजलं. घ्या मत."

बसलेल्या क्रमानं एकेकानं कपाटामागं जायचं होतं. पहिला भैयालाल. ऐटीत गेला. आत गेल्यावर बराच वेळ काही आवाज नाही. मग खिसे चाचपल्याचा आवाज. मग पुन्हा काही नाही. शेवटी लोट्यात टिक् झालं आणि भैयालाल बाहेर आला तो तोंड पाडून. कोणाकडे न बघता जागेवर बसला.

दुसरा गेला. टिक्. बाहेर आला तो घाम पुसत. तिसरा दुलीचंद. तो उठला, मूठ उघडली आणि उभाच राहिला. मुठीत काहीच नव्हतं. या पठ्ठ्यानं दोन्ही दाणे खाल्ले होते.

"बाबू," तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "जरा दाना देना."

मी नियमानं वागलो. पुरचुंडीतला एक धान आणि एक तांदूळ ताटलीत ठेवून ताटली पुढं केली. धानाकडे त्याचा हात गेलाच होता, इतक्यात उदाराम मोठ्यानं म्हणाला, "दोन कायले पायजे जी दुलीचंद भाऊ? टोलीले नळ देतो म्हणून मंडईत त सांगितलं तुमी. धान घेऊन काय करता?"

खिडक्यांतल्या साठ बायका दुलीचंदच्या बोटांकडे बघू लागल्या. वच्छलानं कुबडी जमिनीवर एकदा आपटली. दुलीचंदचं बोट धानावर होतं, ते तिथून उठलं, हवेत लोंबकळलं आणि तांदळावर येऊन बसलं.

"नहीं नहीं," तो म्हणाला. "एक ही. चावल. चावल ही चाहिए था."

झालं! त्यानंतर कोणाची छाती होणार धान मागायची? एकेक जण कपाटामागं गेला, एकेक जण आत चुळबुळला, एकेक टिक् झालं, एकेक तोंड पडून बाहेर आलं. उदाराम गेला आणि लगेच आला. धुरपताबाई गेली आणि लगेच आली. शेवटी गोपीचंद शेठ. ते इतका वेळ आत राहिले की शिपाई पाणी घेऊन जायला निघाला.

लोटा मी टेबलावर पालथा केला. नऊ दाणे. मी ते पेन्सिलीच्या टोकानं वेगळे केले. आठ तांदूळ. एक धान.

"थांबा," भैयालाल ओरडला. बुडत्याला काडी सापडली होती. "एक टुकडा है! ये आधा दाना है. आधे दाने का मत कैसे गिनोगे? नौ पूरे नहीं हुए!"

खरंच, एका तांदळाचं टोक उडालं होतं आणि त्यावर दाताची खूण होती. मी नियमावली उघडली, पण तुटक्या मताबद्दल तिच्यात काय असणार! सगळे टेबलाभोवती जमले. अर्धा दाणा म्हणजे अर्धं मत की एक मत? अर्धं धरलं तर उरलेलं अर्धं कोणाच्या पोटात आहे, आणि त्याचा विचार घ्यायचा का? गोपीचंद शेठनी चष्मा लावला. आणि मग दुलीचंदनं, गेल्या अर्ध्या तासात जे घडलं ते पार विसरून, तो दाणा चिमटीत धरला, उजेडाकडे नेला आणि तोंडून निघून गेलं:

"कौन कहता है टुकड़ा? तीन हिस्से सलामत है. बाजार में ये पूरा गिना जाता है. बीस साल से माल देख रहा हूँ, मुझे मत सिखाओ."

"उपाध्यक्षांचं मत नोंदवून घेतो," मी म्हणालो आणि पटकन लिहून टाकलं. "नऊ दाणे पूर्ण. आठ विरुद्ध एक. ठराव मंजूर."

खिडक्यांतून जो आवाज उठला तो स्टेशनापर्यंत गेला असेल. बायका हसत होत्या, एकमेकींना ढकलत होत्या, कोणीतरी शिपायाच्याच हातात हंडा दिला. आणि आत सात जण बसले होते, आणि त्या सातांपैकी एकालाही तोंड उघडता येत नव्हतं. काय म्हणणार होते? 'मला नाही म्हणायचं होतं, पण माझं नाही मी खाल्लं'? गुप्त मतदान त्यांनीच मागितलं होतं, आणि गुप्तपणा आता त्यांच्याच छातीवर बसला होता.

तरी निभावून नेलं असतं त्यांनी. पण तो एक धान! तो टेबलावर पडला होता, पिवळाधमक, आणि साती जण त्याच्याकडे आणि मग एकमेकांकडे बघू लागले. टोलीला नाही म्हणणारा तो एक कोण? गावात त्याच संध्याकाळी विचारणा सुरू झाली आणि एप्रिलात निवडणूक होती. गोपीचंद शेठनी दुसऱ्या दिवशी आपल्या मिलच्या गाड्या पाइप वाहायला दिल्या, म्हणजे कोणी त्यांचं नाव घेऊ नये. भैयालालनं आपली माणसं खोदायला लावली आणि स्वतः धोतर खोचून चरात उतरला, तेही टोलीतल्या बायका पाहत असतील अशाच वेळी. दुलीचंदनं ओट्याला सिमेंट दिलं. दीड वर्ष तीन समित्यांत फिरलेला नळ चार आठवड्यांत उभा राहिला. सभागृहाच्या मुदतीला चार दिवस बाकी होते.

नळ सुरू व्हायच्या दिवशी सगळे सदस्य हार घेऊन आले. हार एकमेकांना घालून झाले, भाषणं झाली, प्रत्येकानं आपणच तांदूळ टाकला होता हे सुचवलं. मी ओट्याच्या कडेला उभा होतो. धुरपताबाई माझ्याजवळ आली.

"बाई," मी म्हणालो, "एक गोष्ट मला छळते. साती जणांनी धान खाल्ला, हे मी डोळ्यांनी पाहिलं. उदारामनं तर तांदूळच टाकला असणार. मग तो एक धान आला कुठून?"

तिनं पदराची गाठ सोडली. तळहातावर तांदळाचा एक दाणा होता.

"हा माझा," ती म्हणाली.

मी तिच्याकडे बघतच राहिलो. "तुम्ही? स्वतःच्या नळाला नाही म्हणालात?"

"सात तोंडं मोजली होती ना, बाबू. आठवा उदारामभाऊ. माझ्या मताची गरज नव्हती." तिनं हारवाल्यांकडे पाहिलं. "नऊच्या नऊ तांदूळ निघाले असते त साती जणं माझ्याकडे पाहत बसले असते, का बाईनं काय केलं म्हणून. न् पाइप गोदामातच राहिले असते. आता बगा, एकमेकाकडे पाहून राहिले. न् कामही करून राहिले."

"आणि तुमची मोजणी चुकली असती तर? एखाद्यानं नुसतंच तोंड हलवलं असतं तर?"

ती हसली नाही. "मंग सुनेले मी जाऊच नसतं दिलं," ती म्हणाली. "हंडे मी आणले असते. माझे पाय म्हातारे झाले आता, गेले तरी चालते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं हे लपवायला मी नियमावली उघडली, ती उलटी धरली होती हे तिनंच दाखवलं.

पहिला हंडा रुख्मानं लावला. नववा महिना लागला होता तिला, वाकताना वच्छलानं हात दिला. तोटी आधी खोकली, मग तांबूस पाणी आलं, मग स्वच्छ. तेवढ्यात रुळावर उभी असलेली मालगाडी हिसका देऊन हलली, पहिल्या डब्यापासून शेवटच्यापर्यंत धाडधाड आवाज गेला. टोलीतल्या सगळ्या बायका एकदम वळल्या आणि सवयीनं डब्यांखाली बघू लागल्या. धुरपताबाईही वळली. गाडी निघून गेली. खाली कोणी नव्हतं.

रुख्मा तेवढी वळली नाही. तिचा हंडा भरत आला होता.